डोरीनची खुर्ची

संडरलंड,
९ ऑक्टोबर २०२१

चि. विल्फ यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

परवा संध्याकाळच्या बातम्यांत तुला पाहिलं. न्यूकॅसलच्या मैदानाबाहेर हजारो लोक नाचत होते आणि त्यात त्र्याहत्तर वर्षांचा माझा भाऊ, डोक्यावर भांडी पुसायचं फडकं बांधून, अरबी शेख बनून, कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून गात होता. फडकं ओळखलं. मीच व्हिटबीहून तुझ्या डोरीनसाठी आणलेलं. लगेच फोन उचलला होता, पण आईचा नियम आठवला आणि ठेवून दिला. फुटबॉलबद्दल भांडायचं ते कागदावर, तोंडी नाही, असं तिनं बजावलं होतं ते बरंच केलं. नाहीतर माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात आपण एकमेकांच्या अंगावर ग्रेव्ही ओतली असती.

तर आता कागदावर विचारते. बेकन लाल-पांढरं दिसतं, म्हणजे आमच्या क्लबच्या रंगाचं, म्हणून तू जन्मात कधी ते तोंडात घातलं नाहीस. इतका सोवळा माणूस तू! आणि सौदीसारख्या अख्ख्या देशाच्या तिजोरीनं तुमचा क्लब विकत घेतला तर चालतं? मुलीला स्थळ आलं, दागिने बघून होकार दिला, घराणं कसलं ते विचारलंच नाही, अशातली गत झाली तुमची. आमचा क्लब तिसऱ्या श्रेणीत रखडला असेल, पण रखडला तो स्वतःच्या कर्तृत्वावर.

बेथनीनं पाहिलं का ते दृश्य? नातीसमोर थोडी तरी लाज ठेवायचीस. गुडघ्याला लेप लाव, एवढं नाचल्यावर दुखणारच.

कळावे. माया आहे, ती तुमच्या क्लबच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांतूनही दिसते म्हणून बरं.
तुझी ताई,
ऑड्री

---

न्यूकॅसल,
२० ऑक्टोबर २०२१

ती. ऑड्रीताईस विल्फचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ज्याच्या खांद्यावर हात टाकला तो कुणीतरी नव्हे, आपला गॅस दुरुस्त करणारा टेरी होता. चौदा वर्षं जुन्या मालकाच्या नावानं बोटं मोडली, तो गेला म्हणून नाचलो. नवरा मुलगा कोण ते बघायला शुद्ध कुणाला होती? आणि लग्न करून सासरचा क्लब घेतलेल्या बाईनं मला निष्ठा शिकवू नये. रविवारी पहिल्याच सामन्यात हरलो, हे तू लिहिण्याआधी मीच लिहितो. तेवढंच तुझं एक वाक्य लिहायचं वाचलं.

आता खरं सांगतो. रविवारी बेथनी आली नाही. डोरीन गेल्यापासून सहा वर्षं तिच्या खुर्चीवर पोरगी माझ्या शेजारी बसते, एक सामना चुकवला नव्हता तिनं. तुला ठाऊकच आहे, दर गुरुवारी ती आणि तिच्या मैत्रिणी जगभरच्या तुरुंगांत लिहिण्या-बोलण्याबद्दल डांबलेल्या माणसांसाठी पत्रं पाठवतात. सौदीतल्या लोकांसाठीही पाठवतात. तिनं मला फोनवर सांगितलं की आजोबा, तुम्ही फडकं बांधून ज्यांची गंमत केलीत, त्यांच्याकडे माझी कितीतरी पत्रं उत्तराविना पडली आहेत. हे मालक असेपर्यंत मी आत पाऊल टाकणार नाही.

मी चिडलो. म्हणालो, मी क्लब निवडला, मालक नाही निवडला. तिनं फोन ठेवला. तेव्हापासून बोलणं बंद आहे. खुर्चीवर मी कोट ठेवला होता, कुणी बसू नये म्हणून. ताई, मला पोरगी परत हवी आहे. तू शत्रुपक्षातली, तुझं ती ऐकेल. समजाव तिला.

मेहुण्यांना नमस्कार. जी काही कृपा उरली असेल ती ठेवावी.
तुझा,
विल्फ

---

संडरलंड,
२२ नोव्हेंबर २०२१

चि. विल्फ यास आशीर्वाद, वि. वि.

शिव्या घालण्याआधी पत्र शेवटपर्यंत वाच. शनिवारी बेथनी जेवायला आली होती. स्टॉटी पावात हॅम आणि पिवळ्या वाटाण्याचं घट्ट वरण भरून दिलं, दोन खाल्ले तिनं. मग तिला मी आमच्या सामन्याला नेलं. हो, आमच्या मैदानावर. पाणी पी आणि पुढे वाच.

जेवताना मी तुमच्यावर मनसोक्त तोंडसुख घेत होते, तर तिनं मलाच धरलं. ऑड्रीआजी, म्हणाली, तीच तिजोरी तुमच्या दाराशी आली असती तर परत पाठवली असती का? मी म्हटलं, अर्थात! मग भांडी घासताना विचार केला. नसती पाठवली, विल्फ. मीही डोक्यावर काहीतरी गुंडाळून नाचले असते आणि तू मला असंच पत्र लिहिलं असतंस. हे मी एकदाच कबूल करते आहे, कुणाला दाखवू नकोस.

आता ऐक. आम्ही दोन गोलनी जिंकलो, पण पोरगी हात मांड्यांखाली दाबून बसली होती. तेवढ्यात कुणाच्या तरी फोनवर आलं की तिकडे तुमच्या सामन्यात तुमच्यावर तिसरा गोल झाला. अख्खं मैदान उठून ओरडलं. माझेही हात आपोआप वाजले, सवयच ती. बेथनी तेवढी बसून राहिली. कान लालबुंद. थोड्या वेळानं माझ्या कानाशी लागून विचारलं की अजून किती मिनिटं आहेत. आमची नव्हे रे, तुमची! बरोबरी झाल्याचं कळलं तेव्हा कुठे तिनं चहा घेतला.

पोरगी तुझीच आहे, वेड्या. तिला मी काय समजावू? ती बरोबर आहे आणि दुःखी आहे. तू क्लबची वकिली सोड आणि फक्त तुझ्याबद्दल लिही तिला. कागदावर लिही. आईचा नियम इथेही लागू पडतो.

यापुढेही भांडण असावे, इतकीच विनंती.
ऑड्रीताई

---

न्यूकॅसल,
२६ नोव्हेंबर २०२१

चि. बेथनीस आजोबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

ते फडकं बांधलं ही माझी चूक झाली. मला वाटलं गंमत आहे. ज्यांच्यासाठी तू लिहितेस त्यांच्याकडे पाहिलं तर ती गंमत नव्हती. मला लाज वाटते, हे तुला फोनवर सांगायला जीभ वळली नसती.

पण मी क्लब सोडू शकत नाही, बाळा. सहा वर्षांचा होतो तेव्हा बाबांनी मला तिथे नेलं. तुझी आजी गेल्यावर त्याच जागी मी रडलो आणि कुणी काही विचारलं नाही, कारण आम्ही हरतच होतो. दुसरीकडे कुठे जाऊन बसू?

जायचं तर तोंड बंद करून जायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे. आपल्या मैदानावरच्या दर सामन्याआधी मी एक पत्र लिहिणार, तू लिहितेस तसं, लंडनच्या सौदी वकिलातीला. मैदानाच्या चढावर टपालपेटी आहे, तिच्यात टाकून मगच आत जाईन. पहिलं सोबत पाठवतो आहे, तपासून दे. सुरुवातीला ‘मी तुमच्या क्लबचा एक चाहता’ असं लिहिलं होतं. वाचून बघितलं आणि ‘तुमच्या’ खोडून ‘आमच्या’ केलं. खाडाखोड चालेल ना?

खुर्ची तुझी आहे. आग्रह नाही. राग निवळला नसला तरी दोन ओळी लिही.
तुझे आजोबा,
विल्फ

---

गेट्सहेड,
१ डिसेंबर २०२१

ती. आजोबांना बेथनीचा नमस्कार वि. वि.

दोन्ही पत्रं तीनदा वाचली. तुमचं मला, आणि तुमचं वकिलातीला. दुसऱ्यात शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत, त्या लाल पेननं दुरुस्त केल्या. ‘बचावफळीत आधी एक उंच माणूस आणा’ हे वाक्य काढलं आहे, ते वकिलातीचं काम नाही. ‘कैदेतल्या माणसांना सोडा’ हे अगदी वर घेतलं. खाडाखोड राहू द्या.

आजीच्या खुर्चीवर मी बसणार नाही, ते अजून तसंच आहे. तुम्ही आग्रह केला नाहीत, हे बरं केलंत. त्या खुर्चीवर नुसता कोट ठेवू नका, टेरीच्या आईला बसवा. तिला बरीच वर्षं तिकीट मिळत नाही.

शनिवारी मी दोन वाजता तुमच्या दारात येईन. आपण दोघं चालत टपालपेटीपर्यंत जाऊ, पत्र दोघं मिळून टाकू. मग तुम्ही आत जा. मी बाहेर पायऱ्यांवर थांबेन. उबदार काहीतरी आणते, दोन तास काढता येतील. तिथे सगळं ऐकू येतं. ओरडा कसा उठला त्यावरून कळतंच, गोल त्यांचा की आपला.

ऑड्रीआजीला यातलं काही कळवू नका. लोभ होताच, आता बोलतही जाऊ.
तुमची,
बेथनी