अर्धी कोंबडी, एक फळी आणि बारा दिवसांचा अबोला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चोवीस, शाळेत सलग दहा वर्षे पहिली (हे गर्वाने लिहिलेले नाही, पुढे पुरावा म्हणून लागणार आहे), व्यवसाय ग्रंथालयात मदतनीस, सध्या बिनपगारी रजेवर, राहणार शिडाची बोट ‘रविवार’, लाकडी धक्क्याचा तिसरा खांब, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय माझे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. बोट हलत असल्याने अक्षर हलले आहे. बुद्धी हललेली नाही. कागद पाठकोरे आहेत. त्यांच्या दुसऱ्या बाजूला काय आहे, त्याचा खुलासा कलम सहामध्ये येईल.

मृत्युपत्राचे कारण असे. धक्क्यावरच्या फळ्यावर वादळाची सूचना लागली आहे. या मोसमातले हे चौथे वादळ, आणि आधीच्या तिन्हींचा थोरला भाऊ शोभेल असे. आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांच्या भरतीबरोबर सगळ्या बोटींनी खाडीच्या आतल्या वळणावर जाऊन झाडांच्या आडोशाला नांगर टाकायचा आहे. जी बोट धक्क्यावर राहील, तिचे उद्या सरपण होईल, असे इंजिनवाले मिस्त्रीकाका म्हणतात. आत जाण्याची वाट अरुंद आहे. एकीने सुकाणू धरायचे आणि दुसरीने पुढे उभे राहून चिखलाचे उंचवटे ओरडून सांगायचे, असे ते दोघींचे काम आहे. आम्ही दोघी आहोत. परंतु गेले बारा दिवस आम्ही एकमेकींशी बोलत नाही.

दुसरी म्हणजे माझी आत्या, बोटीची मालकीण. तीस वर्षे तिने शाळेचे गणवेश शिवले. सुट्टी फक्त रविवारी, म्हणून बोटीचे नाव ‘रविवार’. दुकान विकले त्याच आठवड्यात तिने ही नऊ मीटरची बोट घेतली आणि माझ्या बाबांना म्हणाली, “शीड म्हणजे काय रे दादा, ताणून शिवलेली चादर. जिला शिवता येते, तिला हाकताही येते.” मला सोबत घेतले, कारण ग्रंथालयातली समुद्राविषयीची सर्व म्हणजे एकोणीस पुस्तके मी वाचली होती. पोहता मात्र दोघींनाही बेताचेच येते.

अबोल्यात बोलता येत नाही. परंतु दस्तऐवजाला अबोला लागू होत नाही, असे माझे मत आहे. सबब,

कलम एक. मिळकतीचे वर्णन. स्थावर मिळकत नाही. बोट आत्याची असून ती तरंगते, म्हणजे जंगम आहे. ओहोटीला ती चिखलात बसते तेवढे तास तिला स्थावर मानावे की कसे, हे जाणकारांनी ठरवावे. माझी स्वतःची मिळकत पुढीलप्रमाणे: डाव्या बाजूची झोपायची फळी (माझ्या उंचीपेक्षा चार बोटे आखूड), पुस्तकांची पत्र्याची पेटी, एक रेनकोट ज्याच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त पाऊस पडतो, आणि अर्धी कोंबडी.

कलम दोन. कोंबडी. ही आम्ही निम्म्या-निम्म्या पैशांत अंड्यांसाठी घेतली. अंडे तिने आजतागायत दिलेले नाही. मात्र वादळ यायचे असले की ती आदल्या दिवशी मोठ्या पातेल्यात जाऊन बसते आणि काही केल्या उठत नाही. तीन वादळे, तीनदा पातेले. म्हणून आत्याने तिचे नाव ‘हवामान खाते’ ठेवले. आज सकाळपासून ती पातेल्यात आहे. तिच्यातला माझा अर्धा हिस्सा मी आत्याला देते. कोणता अर्धा, हे आमच्यात कधी ठरले नव्हते.

बारा दिवस आमचे सर्व दळणवळण या कोंबडीमार्फत चालू आहे. नमुना देते.

“सांग गं तिला, चहा निवतोय,” आत्या कोंबडीला म्हणते.

“विचार तिला, साखर कुठे ठेवली,” मी कोंबडीला म्हणते.

“असते तिथेच आहे, म्हणावं. पुस्तकात शोधू नको, डब्यात शोध.”

कोंबडी एकही निरोप पोहोचवत नाही. परंतु आम्ही दोन हातांच्या अंतरावर असल्यामुळे काम भागते. काल मात्र भागले नाही. खाडीत सरावाला निघालो होतो. मी पुढे उभी, आत्या मागे सुकाणूवर. चिखल दिसताच मी कोंबडीला म्हणाले, “डावीकडे घ्यायला सांग.” कोंबडीला उद्देशून बोलताना माणूस ओरडत नाही. वारा होता, आत्याला ऐकू गेले नाही, आणि ‘रविवार’ पाऊण तास स्थावर झाली.

कलम तीन. धाकटा भाऊ. त्यास माझा मोठा शब्दकोश मिळावा. चौथीत असताना त्याने त्यातले एक पान फाडून होडी केली आणि ती न्हाणीघरात बुडवली. त्या पानावर ‘निर्भय’पासून ‘निर्लज्ज’पर्यंतचे शब्द होते. ते दोन्ही गुण माझ्या अंगी आले नाहीत, याची जबाबदारी त्याची आहे. कोश वापरताना प्रत्येक वेळी त्याने या गोष्टीची लाज बाळगावी. ‘लाज’ हा शब्द शाबूत आहे. मी पाहिले आहे.

कलम चार. मुख्याध्यापिका बाई. आठवीत वक्तृत्व स्पर्धेत मी व्यासपीठावर जाऊन “माननीय” एवढा एकच शब्द बोलले आणि खाली उतरले. बाईंनी मला उत्तेजनार्थ बक्षीस दिले. तो पितळी पेनस्टँड गेली अकरा वर्षे माझ्याकडे पाहतो आहे. तो बाईंना परत करावा. एका शब्दाला एक पेनस्टँड हा दर फार होतो.

कलम पाच. मिस्त्रीकाका. यांना मी काहीही ठेवलेले नाही. ते साक्षीदार आहेत, आणि मी वाचले आहे की जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्याच मृत्युपत्राखाली काही मिळू शकत नाही. हे मी त्यांना समजावले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे सही करायची, वर काही मिळायचंही नाही? पोरी, हे तर माझ्या धंद्यासारखंच झालं.” दुसरे साक्षीदार धक्क्याचे कारकून असतील. त्यांनाही काही नाही, आणि ते मला फारसे जड गेले नाही. कारण पुढील कलमातील प्रकार घडला त्या दिवशी त्यांनी नोंदवहीत आमच्या बोटीपुढे ‘स्थिती’ या रकान्यात “टांगलेली” असे लिहिले.

कलम सहा. वस्तुस्थितीचे निवेदन. बोट धक्क्याला बांधताना भरती-ओहोटी पाहून दोर सैल किंवा आखूड ठेवावा लागतो. त्यासाठी मी भरती-ओहोटीचा तक्ता विकत आणला आणि तो तीन रंगांच्या शायांनी, समास सोडून, सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. एकही खाडाखोड नव्हती. तक्ता गेल्या वर्षीचा होता. (हे मृत्युपत्र त्याच्याच पाठकोऱ्या बाजूवर आहे, त्याचा आता एवढाच उपयोग उरला आहे.) त्यानुसार पाणी अगदी खाली गेले आहे असे समजून मी चारही दोर आखूड बांधले. प्रत्यक्षात भरती पूर्ण होती. पाणी उतरू लागले, उतरत राहिले, आणि बोट एका अंगाला कलंडून दोरांवर तशीच टांगून राहिली. गाठी सुटतील अशी आशा होती. परंतु गाठी मी पुस्तकातून शिकले होते आणि त्या निर्दोष होत्या. आत्या त्या वेळी दुपारची पडली होती. ती जागी झाली तेव्हा कपाटाच्या दारावर होती आणि कोंबडी तिच्या पोटावर. मिस्त्रीकाकांनी दोर कापून बोट खाली आणली.

बाहेर येऊन, सगळा धक्का ऐकत असताना, आत्या म्हणाली, “पहिला नंबर! अगं, बोट वाळत घातलीस की गं, पहिला नंबर!”

सगळे हसले. आणि मी, जी चारचौघांत तोंड उघडत नाही, ती म्हणाले, “मला मुळात इथे यायचंच नव्हतं.”

आत्या हसायची थांबली. तिने कोंबडी उचलली आणि आत गेली. तेव्हापासून अबोला.

कलम सात. आत्या. वरील विधान खोटे आहे. मला यायचे होते. आत्याने विचारले त्याच दुपारी मी पेटी भरली होती; ‘विचार करून सांगते’ म्हटले ते केवळ सभ्यता म्हणून. या फळीवर माझे पाय बाहेर लोंबतात, तरी मला इतकी गाढ झोप आयुष्यात कुठे लागली नाही. सबब, माझी संपूर्ण माफी, कोणतीही अट वा वाटणी न ठेवता, माझ्या पश्चात आत्याला मिळावी.

दुरुस्ती. त्याच दिवशी, दुपारी तीन वाजता. कारकून जेवणानंतर कचेरीला कुलूप लावून, खिडक्यांना फळ्या ठोकून सायकलवरून निघून गेले आहेत. शेजारच्या बोटींवरच्या माणसांकडे सही मागण्याइतके तोंड मला उघडता येत नाही. मिस्त्रीकाकांखेरीज उरलेली सज्ञान व्यक्ती एकच, ती म्हणजे आत्या. ती साक्षीदार झाली की कलम दोन आणि कलम सात निकालात निघतात. कोंबडीचे एक वेळ चालेल. माफीचे कसे करावे?

ही कायदेशीर अडचण मी मिस्त्रीकाकांपुढे मांडली. ते इंजिनात डोके घालून होते. आतूनच म्हणाले, “मग मरायची वाट कशाला बघतेस? आत्ताच दे की. तोंडानं द्यायला स्टॅम्प लागत नाही.”



सबब, तीन वाजून वीस मिनिटांनी मी बोटीच्या पुढच्या टोकाला उभी राहिले. आत्या मागे सुकाणूपाशी, पाठ करून, शीड आवरत होती. वारा वाढला होता. मी कलम सात मोठ्याने वाचले. पहिल्या ओळीला ती वळली नाही, म्हणून मी आणखी मोठ्याने वाचले. शेजारच्या दोन बोटींवरून माणसे बाहेर आली. ‘सभ्यता’ या शब्दाला माझा आवाज फाटला. मी थांबले नाही. कोंबडी पातेल्यातून उठून उभी राहिली, जे तिने वादळाच्या आदल्या दिवशी पूर्वी कधीही केलेले नाही.

आत्याने शीड खाली ठेवले. “परत एकदा म्हण.”

“सगळं?”

“पेटीचं तेवढं.”

मी पेटीचे परत म्हटले.

“त्याच दुपारी भरलीस? आणि मला चार दिवस झुलवलंस, कार्टे!” तिने पदराने नाक पुसले. “बरं, वाळत घातलीस म्हणायला नको होतं मी. चारचौघांत तर नकोच. आणि एवढा आवाज होता तुझ्यात, तर काल चिखलापाशी काय झालं होतं? आज पुढे उभी राहून अस्संच ओरडायचं.”

सबब, कलम दोन रद्द. कोंबडी सामाईक राहील. कलम सात रद्द, कारण ते बजावले गेले आहे. कलम चारही रद्द करीत आहे: पेनस्टँड आता मी परत करणार नाही. भावाविरुद्धचे कलम तीन कायम आहे.

हा मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली, आणि त्यांनी माझ्यादेखत केली.

ठिकाण: बोट ‘रविवार’, तिसरा खांब. दिनांक: वादळाच्या आदल्या दिवशी, भरतीला अर्धा तास असताना (या वर्षीच्या तक्त्याप्रमाणे, साल दोनदा पाहिले आहे).

लिहून ठेवणार: भाची (सही)

साक्षीदार एक: इंजिनवाले मिस्त्री (सही, आणि ग्रीसचा अंगठा)

साक्षीदार दोन: आत्या (सही). सगळं वाचलं. अक्षर छान आहे. मरायचं पुढे बघू, आधी पुढचा दोर सोड.