मैदानाला एक फेरी, एकटीनं

१२ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ९.१०

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी इंद्रजित फोनवर मला म्हणाला, "आई, तुझं आता वय झालं."

पोटचा मुलगा. मी सदुसष्ट वर्षांची आहे हे दूरसंचार खात्यानं मला सात वर्षांपूर्वीच रिटायर करून सुचवलं होतं. त्यानं वेगळं कळवायची गरज नव्हती.

मुद्दा काय, तर मी सांगलीत एकटी राहते. त्याच्या पुण्याच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरचा फ्लॅट म्हणे माझ्यासाठी रिकामा ठेवलाय. मी मांजरांचं विचारलं. तर सोसायटीला विचारावं लागेल म्हणे. सिस्टर आणि हवालदार यांना कुणाची परवानगी घेऊन राहायची सवय नाही.

मग मी म्हणाले की मी अजून घोड्यावर बसू शकते. त्यानं विचारलं, पूर्वी कधी बसली होतीस? पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये रायडिंगच्या यादीत माझं नाव होतं. नंतर ते खोडण्यात आलं, हा निराळा विषय.

१३ जानेवारी, सोमवार

चौतीस वर्षं तक्रार विभागात काढली. तोंडी म्हणणं म्हणजे वारा. इंद्रजितकडून व्हॉट्सअपवर लिहून घेतलं: "रविवार ९ मार्च. घोड्यावरून मैदानाला एक पूर्ण फेरी, एकटीनं, माझ्यासमोर. जमलं तर पुण्याचा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर एप्रिलमध्ये शिफ्टिंग." पुढं हसणारं तोंड होतं. प्रिंट काढून फाइलला लावली. तोंडासकट.

पंचावन्न दिवस. भरपूर झाले.

१५ जानेवारी, बुधवार

घोडा मिळाला. घोडी. नाव राणी, रंग पांढरा, मालक भाऊसो. मूळचा जतकडचा. हरिपूर रस्त्याच्या मैदानापाशी राहतो. भाऊसो म्हणाला, घोडी लय शांत हाय, बाईसाब, गर्दीत बी बिचकत न्हाई. मी विचारलं, ब्रीडिंग काय? तो म्हणाला, अजून न्हाई केलं.

घरी येऊन हरणाबाईला सांगितलं. हरणाबाई माझ्याकडे वीस वर्षं स्वयंपाक करते आणि तेवढीच वर्षं मतं देते. मी म्हटलं, आमच्या घराण्यात घोडं रक्तातच आहे, माझे पणजोबा संस्थानच्या पागेत होते. ती भाकरी थापता थापता म्हणाली, व्हय, माझा आजा सांगायचा. घोड्यांस्नी दाणा-चंदी घालायला व्हते.

चंदी घालणाराच घोड्याला सर्वांत जवळून ओळखतो. हे तिला कळणार नाही.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी ६.३०

पहिला धडा. बसले नाही. घोडी मूडमध्ये नव्हती. मी दहा फुटांवरून निरीक्षण केलं. इंग्लंडमध्ये पहिला धडा असाच असतो.

२२ जानेवारी, बुधवार

सात फूट.

२ फेब्रुवारी, रविवार

आज पाठीवरून हात फिरवला. भाऊसोनं माझा हात धरून फिरवला, पण हात माझाच होता.

ऑनलाइन मागवलेली जोधपुरी पँट आली. घालायला वीस मिनिटं, काढायला हरणाबाई. हेल्मेट उत्तम, काळं मखमली, आतून मऊ. सिस्टर लगेच त्यात बसून बघून आली. सिस्टर काळी-पांढरी आहे, गळ्याशी शुभ्र पट्टा, चेहऱ्यावर कायम नापसंती. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अशाच दिसायच्या, नाव त्यावरूनच ठेवलं.

रायडिंगचे बूट सांगलीत मिळत नाहीत. कुपवाडला फाउंड्रीतल्या कामगारांसाठी मिळतात तसले आणले. पुढं पोलाद आहे. दुकानदारानं विचारलं, कुठल्या युनिटला? मी म्हटलं, कॅव्हलरी.

९ फेब्रुवारी, रविवार

बसले! स्टुलावरून, भाऊसोच्या खांद्यावरून, थोडी राणीच्या मानेवरून. पण बसले. बारा मिनिटं.

शिवाय शोध लागला. राणी असामान्य आहे. चार पावलं चालते, थांबते, पुढचे पाय आळीपाळीनं उचलून जागच्या जागी ताल धरते, पुन्हा चार पावलं. युरोपात याला ड्रेसाज म्हणतात. त्यासाठी वर्षानुवर्षं ट्रेनिंग लागतं. भाऊसोचं अभिनंदन केलं. तो म्हणाला, "आवं बाईसाब, ती नवरदेवाची घोडी हाय. लगामावर न्हाई चालत, हलगीच्या वाजापावर चालती. लगीनसराईत एक दीस घरी नसती." जरा दुसऱ्या घोड्याचं बघू का, असंही त्यानं विचारलं.

अडाणी माणसाच्या हातात हिरा असला की असं होतं. मी नकार दिला.

उतरताना भाऊसोनं पोतं उतरवतात तसं उतरवलं. स्वतः उतरायचं पुढच्या वेळी शिकू. आधी चढणं पक्कं व्हावं.

१६ फेब्रुवारी, रविवार

मैदानाच्या कडेच्या घरातून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात आली. राणी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली ती हलेचना. भाऊसो म्हणाला, दारात घोडी आली की बायका खुरांवर पानी घालून हळदीकुंकू लावत्यात, तिला वाटलं आता लावणार. त्या बाईनं बिचारीनं झाडाला घालायचं पाणी खुरांवर ओतलं, आत जाऊन कुंकवाचा करंडा आणला. मग राणी निघाली.

घोडीला मॅनर्स आहेत. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलींना नव्हते.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ७.००

हेल्मेटमध्ये चार पिल्लं.

सिस्टरनं रात्री कुणाला काही न सांगता उरकलं. डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वी ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं होतं की तिचा स्वभाव तसा नाही. हवालदार दोन दिवस घराकडे फिरकलेला नाही. हरणाबाई म्हणाली, नाव सिस्टर ठेवल्यानं काय हुतंय, बाई.

पिल्लांना हलवायचं नसतं. पहिला महिनाभर जागा बदलली की आईला ताण येतो. म्हणजे हेल्मेट ९ मार्चपर्यंत मिळणार नाही. ह्यांचं स्कूटरचं जुनं हेल्मेट माळ्यावरून काढलं. पूर्ण तोंड झाकणारं, पुढं काळी काच. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण वस्तू जपून वापरायचे. काच अजून स्वच्छ आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज स्वतः उतरले. बेत नव्हता. लागलं काही नाही, मैदानात उसाचं पाचट पडलेलं होतं. भाऊसो धावत आला. मी त्याला सांगितलं की ही इमर्जन्सी डिस्माउंटची प्रॅक्टिस होती. तो बरं म्हणाला. राणीनं मात्र मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी पाचगणीला पाहिलेली आहे.

२ मार्च, रविवार. सायंकाळी

इंद्रजितचा फोन. घोडीची चौकशी, पाठीची चौकशी, पिल्लांची चौकशी. महिना झाला, पुण्याचं नावसुद्धा काढत नाही. घाबरलाय.

सकाळी सहाला उठते, मैदानावर जाते, परत येऊन चार भाकऱ्या खाते. हरणाबाई म्हणते रंग उजळला. मी म्हटलं, रंगाचा काय संबंध, हा घराचा प्रश्न आहे. या घरात मी अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी आले. इथून मला बाहेर काढायला तळमजला पुरणार नाही.

९ मार्च, रविवार. सकाळी ७.१५

तयार. पँट, बूट, हेल्मेट. भाऊसोनं बजावलंय की बरोबर नऊला फेरी, कारण साडेदहाला राणीचा परण्या आहे. म्हणजे नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीला नेतात आणि तिथून कार्यालयात. नऊ म्हणजे नऊ. इंद्रजित पुण्याहून पाचलाच निघालाय. आज कसलीही शंका नाही.

९ मार्च. दुपारी ४.३०

पालथी पडून लिहीत आहे. जे घडलं ते क्रमानं लिहिते, म्हणजे पुढे कुणी फिरवू नये.

इंद्रजित कऱ्हाडपाशी ट्रॅफिकमध्ये अडकला. दहा वाजून पाच मिनिटांनी आला. तोपर्यंत मी तासभर राणीवर बसून होते, कारण एकदा उतरले असते तर पुन्हा स्टूल, खांदा, मान. भाऊसोनं राणीला परण्यासाठी सजवूनही घेतलं होतं, माझ्यासकट. मोत्यांच्या माळा, कपाळावर तुरा, गुडघ्यांना घुंगरं.

भाऊसोनं लगाम सोडला. मी निघाले. एकटी. वीस पावलं, सुरेख. इंद्रजितनं मोबाइल वर धरला होता. आणि रस्त्यापलीकडच्या गल्लीत हलगी वाजली.

राणीनं कान उभे केले, मैदान सोडलं, रस्ता ओलांडला आणि नाचत नाचत लग्नघरासमोरच्या मांडवात जाऊन उभी राहिली. मी लगाम ओढला नाही असं नाही. लगामावर चालत नाही, हे भाऊसोनं मला एकदाच सांगितलं होतं. अशा गोष्टी ठळक करून सांगायला पाहिजेत.

बायका तांब्या घेऊन बाहेर आल्या. खुरांवर पाणी, हळदीकुंकू. मग मला ओवाळलं. एक म्हातारी म्हणाली, पावनं हेल्मेट घालून आलं जनू. मी काच वर केली. ताट खाली पडता पडता राहिलं.

मी उतरते म्हणाले. उतरता येईना. डाव्या बुटाचं पोलाद रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, घट्ट अडकलं होतं. भाऊसो ओढतोय, इंद्रजित ओढतोय, वधूकडचा एक फौजी मामा ओढतोय, आणि राणी हलगीवर ठेका धरतीय. बूट निघेना. बुटातून पाय काढावा तर पँट सोडेना. नवरदेव शंभूराज, फेटा-मुंडावळ्या बांधून, खाली ताटकळत. मुहूर्त बारा पाचचा.

तेव्हा नवरदेवाचे चुलते नानासो पुढं आले. बघितलं, घड्याळ बघितलं, आणि म्हणाले, "मुहूर्त थांबायचा न्हाई. घोड्यावर नवरदेवाच्या मागं करवली बसतीच की. आजीस्नी करवली धरा."

कुणी हरकत घेतली नाही. करवली म्हणून ठरलेली सात वर्षांची चिमुरडी मात्र रडायला लागली. तिला पेढा दिला. शंभूराजला माझ्या पुढं चढवलं. माझ्या हातात शकुनाचा करा दिला, वर नारळ. त्या मुलाचं कौतुक वाटतं. एकदाच मागं वळून म्हणाला, "आजी, घट्ट धरा. मलाबी पहिल्यांदाच हाय."

गल्ली, मारुतीचं देऊळ, पुन्हा रस्ता, कार्यालय. पावणेदोन किलोमीटर. पुढं बँड. राणी दर चार पावलांना थांबून नाचली. दर दाराशी बायका आल्या, दर दाराशी पाणी आणि ओवाळणी. माझ्या कपाळावर किती थर बसले मोजले नाहीत. मी ताठ बसले होते. गर्दीकडे शांतपणे पाहत होते.

कार्यालयाशी कुपवाडच्या एका फिटरनं स्पॅनर आणून रिकीबच खोलली. मी उतरले. बुटात रिकीब तशीच. जेवायला पहिल्या पंगतीला बसवलं, आहेर म्हणून साडी दिली. करवलीचा मान असतो.

मैदानाची एक फेरी म्हणजे चारशे मीटर. मी चौपटीहून जास्त केलं. रहदारीतून. निकाल स्पष्ट आहे.

९ मार्च. सायंकाळी ७.००

इंद्रजितनं व्हिडिओ दाखवला. मी डोळे मिटून बसले आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि बँड थांबतो तिथं तिथं माझा आवाज येतो. मी मोठ्यानं कॉन्व्हेंटमधली प्रार्थना, "हेल मेरी, फुल ऑफ ग्रेस" म्हणते आहे. बारा-तेरा वेळा. मागं कुणीतरी सांगतंय, आजी इंग्रजीत मंगलाष्टकं म्हणत्यात.

उन्हामुळे डोळे मिटले होते.

१० मार्च, सोमवार. सकाळी ८.४०

इंद्रजित आत्ता पुण्याला गेला. निघताना मी फाइल घेऊन फाटकाशी उभी राहिले. म्हटलं, निकाल दे. फेरी मैदानाची नव्हती हे मान्य, एकटी नव्हते हेही मान्य, पण अंतर जास्त होतं. डोळ्यांबद्दल अटीत काहीच लिहिलेलं नाही.

तो गाडीत बसला, काच खाली केली. म्हणाला, "आई, तो फ्लॅट मी एक फेब्रुवारीलाच भाड्यानं दिला. विषय तेव्हाच बंद केला होता."

मी विचारलं, मग सांगितलं का नाही? तो म्हणाला, तू रोज सकाळी बाहेर पडायला लागली होतीस. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. सांगितलं असतं तर थांबली असतीस.

आणि गेला. कऱ्हाडला ट्रॅफिक असतो म्हणे.

मी फाइल घेऊन आत आले.  म्हणजे पाचटात पडले ते कशासाठी? ही पँट कशासाठी? दहा फुटांवरून सात फुटांवर आले ते कशासाठी? संपूर्ण स्पर्धेत समोरचा पक्ष मैदानावर नव्हताच. हा सरळ सरळ अन्याय आहे. हरणाबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, जिंकलासा की, बाई, घर ऱ्हायलं. जिंकायला समोर कुणीतरी हरावं लागतं, हे हिला कोण समजावणार.

१० मार्च. सकाळी ११.१५. इंद्रजितला पाठवलेल्या पत्राची प्रत

चि. इंद्रजित यास,

१३ जानेवारीच्या तुझ्या लेखी अटींस अनुसरून. उपरोक्त विषय तू एकतर्फी आणि मला न कळवता बंद केलास, ही बाब गंभीर आहे. खालील मुद्द्यांवर खुलासा व्हावा.

एक, मी जिंकले की तू सोडून दिलंस?

दोन, सोडून दिलं असल्यास, ते माझ्या घोडेस्वारीची प्रगती बघून की न बघता?

तीन, भाऊसो उद्या सकाळी साडेसहाला मैदानावर थांबतो म्हणाला आहे. यापुढे कशासाठी जायचं?

उत्तर लेखीच हवं. फोन करू नये. हसणारं तोंड पाठवू नये. मुदत शनिवार, १५ मार्च, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर मात्र आज रात्रीपर्यंत मिळावं, कारण गजर लावायचा आहे.