निळ्या पट्ट्याच्या मेंढ्या

१२ जुलै, शनि.
सोलापूरहून सकाळच्या एसटीने गावी. तात्यांच्या छप्पन्न मेंढ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या. एकोणीस पांढरट, म्हणजे जंतांनी रक्त शोषलेल्या. जंताचं औषध फक्त त्यांना. बाकीच्यांच्या पाठीवर निळा पट्टा, त्यांना थेंबही नाही. प्रयोगाचा हा दुसरा पावसाळा.
तात्यांना परत सांगितलं. सगळ्यांना पाजलं की औषधाला दाद न देणारे जंत तेवढे उरतात, मग पैदास त्यांचीच. निळ्यांच्या पोटात साधे जंत राहू द्यायचे, म्हणजे चिवट जंत त्यांच्या गर्दीत मिसळून जातात आणि औषध टिकतं.
"म्हंजी जंत पाळायचं व्हय गं?"
"थोडेसे."
लई हसले. "बरं. तू शिकलीस, तू म्हनशील तसं."
आईबाबा गेल्यावर या चुलत्याने मला वाढवलं. पीएचडीला दुसऱ्या कुणाचा कळप घ्यायचं मनातही आलं नाही.

२७ जुलै
औषध पाजायचा दिवस. पाजणार तात्या, बाटली मी मागेच मोजून ठेवली होती. फोन केला.
"निळ्या सोडल्या ना तात्या?"
"सोडल्यात की."

१० ऑगस्ट, रवि.
रविवार असून लॅबमध्ये. लेंड्यांचे नमुने. औषध दिलेल्यांत जंतांची अंडी जवळजवळ दिसायलाच नकोत. ढिगाने आहेत! तीनदा मोजली. आणि निळ्यांत, ज्यांना काहीच दिलेलं नाही, गेल्या खेपेपेक्षा कमी.
मॅडम (गाईड) म्हणाल्या, "नमुन्यांची अदलाबदल केलीस." नाही केली. डोकं चालत नाही.

१७ ऑगस्ट
न कळवता गेले. तात्या वाघरीत, मेंढ्यांच्या जाळीच्या कुंपणात, बसलेले, गुडघ्यांत मेंढी, तोंडात औषधाची पिचकारी. पाठीवर निळा पट्टा.
मला बघून उठलेसुद्धा नाहीत.
"एकीला पाजायचं आन शेजारचीनं नुसतं बगायचं? बिरोबाच्या कळपात असलं आमी कदी केलं न्हाय. म्हनून अर्दं हिला, अर्दं तिला."
"कधीपासून?"
"पैल्यापास्नं."
म्हणजे गेल्या वर्षापासून. दर फोनला 'सोडल्यात की.' दर फोनला!
"खोटं का बोललात?"
"तुला वाईट वाटंल म्हनून."
अर्धा डोस. याहून वाईट काही नाही. अर्ध्या डोसात नाजूक जंत मेले, चिवट उरले, त्यांची पिल्लं आणखी चिवट. जंत काही शिकत नाहीत, ते निवडले जातात. वर्षभर ती निवड तात्या करत होते, सगळ्यांना सारखं वाटून.
चहा न घेता निघाले. एसटीत रडले, शेजारच्या बाईने काय झालं विचारलं. काय सांगणार, चुलत्याने मेंढ्यांना औषध पाजलं?

३० ऑगस्ट
दोन मेल्या. जबड्याखाली पाणी उतरलं होतं, जंतांनी रक्त आटलं की उतरतं तसं. तात्यांनी फोनवर सांगितलं. मी "हं" म्हटलं, एवढंच. परक्याने फसवलं असतं तर भांडले असते. यांच्याशी कसं भांडायचं तेच येत नाही.
मॅडम म्हणाल्या, "हेच लिही, उलट चांगला निष्कर्ष आहे." चांगला!

७ सप्टें., रवि.
मॅडमनी वेगळ्या जातीचं औषध दिलंय. हे तरी टिकायला हवं. हेही गेलं तर तात्यांच्या कळपाला पाजायला काही उरत नाही. या वेळी पाजणार मी, स्वतः.
तात्या कान धरत होते, मी पापण्या बघत होते. शेवटी चंद्री. काकूंनी जाण्याआधी माझ्या नावाने सोडलेली. पापणी गुलाबी. ना लाल, ना पांढरी. गुलाबी म्हणजे निळा पट्टा, नियम माझाच. जबड्याखाली हात लावला. मऊ लागलं. की मलाच वाटलं?
"चुकलो म्या," तात्या म्हणाले. पहिल्यांदाच. मग चंद्रीचा कान सोडून, "हिचं तू बग. म्या तिकडं तोंड करतो."
आणि खरंच पाठ करून उभे राहिले.
पुढचं लिहीत नाही.
परतताना मोहोळच्या अलीकडे मॅडमचा फोन. "निळ्या सगळ्या सोडल्यास ना?"
"सोडल्या की," म्हणाले.