पृथ्वीला दिलेली आज्ञा

९ मार्च, रविवार
डोळ्यांच्या डॉक्टरांनी काल स्पष्ट सांगितले — काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. लिहितानाही ओळी वाकड्या जातात. म्हणजे यंदा ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या पास्काजागरणात बायबलमधला सृष्टीच्या निर्मितीचा पाठ मी वाचू शकणार नाही. तो माझ्या नातीने, सौम्याने वाचावा. तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, मार्थाच्या अंत्यविधीच्या मिस्सेनंतर तिने चर्चची पायरी चढलेली नाही. या निमित्ताने तरी येईल.

११ मार्च
सौम्या म्हणाली, "आजोबा, दिवसभर पीयू कॉलेजात अकरावी-बारावीला उत्क्रांती शिकवायची, आणि चर्चमध्ये देवाचे सहा दिवस वाचायचे? पोरं हसतील की."
"सूर्य कितव्या दिवशी झाला?"
"चौथ्या."
"मग त्याआधीचे तीन दिवस कशावरून मोजलेस?"
हसली. हो मात्र म्हणाली नाही.

१६ मार्च, रविवार
चर्च कमिटीचे पास्कूआप्पा पायरीवरच आडवे आले. "मास्तर, तुमची नात माकडाचं शिकवती म्हणं. तिला कशाला उभी करताय वाचायला?"
मी म्हणालो, शरीर कोणत्या वाटेने घडले याचा शोध घेण्यास पोपांची मनाई नाही. आत्मा मात्र देव स्वतः देतो, एवढे धरून राहावे.
"पोपांचं ऱ्हाऊ द्या. माझा आज्जा माकड न्हवता."
"आप्पा, राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून 'तू माती आहेस' हे मुकाट ऐकून घेतलेत. माकड तर मातीच्या कितीतरी पुढचे."
आप्पा चप्पल शोधू लागले.

२ एप्रिल
आप्पांच्या तक्रारीवर फादरांनी तोडगा काढला — लघुपाठ वाचू. म्हणजे आरंभ, आणि त्यापुढे थेट मनुष्य. नियमात मुभा आहे, हे मान्य. परंतु मधला भाग गाळला की नेमकी ती आज्ञाच गळते: जळाने जीव उपजवावेत, पृथ्वीने जीव उपजवावेत. देव आज्ञा देतो, पृथ्वी ती पाळते. किती काळ पाळत राहिली, याचा तेथे हिशेब नाही. उत्क्रांतीला श्रद्धेत जागा आहे ती येथेच — आणि हेच कापायचे!
फादरांना सांगितले, पूर्ण पाठ नसेल तर मी बाकावरून उठून तोंडपाठ म्हणेन.

४ एप्रिल
फादर नमले. सौम्याला सांगितले.
"सगळा वाचायला देणार? मासे, पाखरं, जनावरं सगळी?"
"सगळी."
"बरं."

१९ एप्रिल
तिने वाचला. एक अक्षर अडखळले नाही. अंधारात तिच्यासाठी मेणबत्ती कोणी धरावी — पास्कूआप्पांनी! मेण बोटांवर ओघळले तरी हलले नाहीत. मी जिंकलो, असे वाटले.

२० एप्रिल, ईस्टर
सकाळी चहा ठेवता ठेवता सौम्या म्हणाली, "आजोबा, माझं उत्क्रांतीवर कधीच अडलं नव्हतं. आईसाठी रोज जपमाळ केली, तरी ती गेली. ते तुम्ही कधी विचारलंच नाही."
ती का गेली, हे देवाला मीही विचारत आलो आहे. कोणाला सांगितलेले नाही. आज जेवताना तिला सांगेन.