दूध तुटलेली पिल्लं

२ डिसेंबर

तोडलीच आज! सगळी पिल्लं आईपासून वेगळी केली. डुकरीण जाळीला नाक लावून हुंकारतेय, पिल्लं इकडून किंचाळतायत. शेडात उभं राहवेना.

साधना मॅडम, आमच्या जनावरांच्या डॉक्टर, पावडरीचा डबा देऊन गेल्या. एन्झाइमची पावडर. म्हणाल्या, "दूध पचवता येतं गं त्यांना. मका-सोयाबीन अजून नाही जमत. भरड्यात ही मिसळत जा, पोटाला मदत होईल."

नवऱ्याला, भरतला, चाकणला फोन केला. कंपनीत होता. "होईल सगळं नीट." त्याला काय जातंय म्हणायला! इथं लोणी गावात तोंड मला दाखवायचंय. चांगल्या घरात हिनं डुकरं आणली — अजून म्हणतात. सासूबाई तर शेडातून आले की अंघोळ केल्याशिवाय चुलीपाशी येऊ देत नाहीत.

४ डिसेंबर

हगवण लागली. पावडर न चुकता घालतेय, तरी.

५ डिसेंबर

एक गेलं. सगळ्यात बारकं. कोपऱ्यात गार पडलेलं. कान जांभळे.

आफ्रिकन स्वाइन फीवरमध्ये, डुकरांच्या त्या जीवघेण्या तापात, कान असेच होतात, ट्रेनिंगला फोटो दाखवले होते. औषध नाही. आला की शेडच्या शेड रिकामी.

हौशीरामभाऊ आले होते. ओढ्यापलीकडं त्यांचीही डुकरं आहेत, हा धंदा मला त्यांनीच शिकवला. कुंपणाबाहेरूनच बोलले. "डॉक्टरला बोलवू नको पोरी. हगवण हाय, दुसरं काय न्हाई. रोगाचं नाव निघालं ना, यापारी फिरकायचा न्हाई. तुजाबी धंदा बसंल, माजाबी."

चहाला सुद्धा आत आले नाहीत. असं कधी करत नाहीत.

खरंच बोलवू नये का? इतकी भीती तर बाळंतपणातही वाटली नव्हती.

६ डिसेंबर

बोलावलं.

मॅडमनी ताप बघितला, रक्त घेतलं. "मला तरी साधी हगवणच वाटतेय. पण असे कान बघून गप्प नाही बसता येत. नमुना लॅबला जाईल. तोवर बाहेरचं कोणी आत नको."

मग भरड्याच्या कुंडीत हात घातला आणि थबकल्या. "हे गरम कसं?"

मी चक्रावले. मी तर गार पाण्यात कालवून ठेवते आणि वैरणीला जाते.

तेवढ्यात दारातून सासूबाई — "मीच उकळून घालती. आईपासनं तोडलेली लेकरं ती. या थंडीत गार कसं खात्याली?"

शेडाकडं बघायचं सुद्धा नाही म्हणणाऱ्या सासूबाई! मी वैरणीला गेले की पातेलं चुलीवर चढवत होत्या. आपल्याच चुलीवर!

मॅडम हळूच म्हणाल्या, "आजी, उकळली की पावडर मरते. मग तिचा काही उपयोग नाही."

सासूबाई मटकन खाली बसल्या. "म्हंजी म्या मारलं का गं त्याला?"

रागवायला तोंड उघडलं होतं. मिटलं. "बारकंच होतं ते आई," एवढंच म्हणाले.

आता भरडा गार. ऊब म्हणून खाली भुसा, वर बल्ब.

८ डिसेंबर

हगवण थांबत आलीय. दोन पिल्लं उठून भांडली सुद्धा. पण फोन वाजला की रिपोर्टच आला असं वाटतं. एकदा गॅसवाल्याचा होता, एकदा भरतचा.

९ डिसेंबर

डेअरीवर बायका सरकून उभ्या राहिल्या. तोंडावर बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ डिसेंबर

रिपोर्ट आला. स्वाइन फीवर नाही! नाही! सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. मी शेडाच्या पायरीवर बसून रडले.

हौशीरामभाऊंना सांगावं म्हणून ओढ्यापर्यंत पळत गेले. अलीकडूनच हाका मारल्या. ते बाहेर आले नाहीत. त्यांची बायको कुशाबाई दारात आली. "झोपल्यात," म्हणाली आणि दार लोटलं.

त्यांची एवढी डुकरं, आणि आवाज कसा नाही? त्यांच्या शेडामागं माती उकरलेली होती. ओली. वर चुना टाकलेला.

काही न विचारता परत फिरले.

१३ डिसेंबर

जेवण गेलं नाही. त्या माणसानं मला धंद्याला लावलं. त्यांच्यावर मी बोट दाखवू? पण तो रोग असेल तर ओढा काय अडवणार? भरत म्हणतो, "तू गप बस, आपलं बरं आहे ना!"

मॅडमना फोन केला. ती उकरलेली माती, तो चुना, सगळं सांगितलं. "बरं केलंस," म्हणाल्या. मग विचारलं, "त्यांचं शेड तुझ्यापासून किती लांब गं?" का?

१५ डिसेंबर

हौशीरामभाऊंकडचे नमुने काल नेले. कुशाबाई रस्त्यात दिसली. माझ्याकडं बघून थुंकली.

१९ डिसेंबर

हौशीरामभाऊंकडं तोच रोग निघाला. मॅडम स्वतः सांगायला आल्या, फाटकातच थांबल्या. "एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारावी लागतात, स्नेहल. धडधाकट असली तरी." उद्या माणसं येणार.

सासूबाईंना अजून सांगितलं नाही. त्या शेडातून हाका मारतायत — "अगं, ये की! बघ तरी, समदं खाल्लं!"