पंधरा तारखेपर्यंतचा ताप

ता. १० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. मी ठणठणीत आहे.

व्हायरल गेलं तरी अंग तापायचं राहीना, म्हणून रक्त तपासलं. डॉक्टरबाई म्हणतात, व्हायरसशी लढायला उठलेली माझी प्रतिकारशक्ती आता थांबायचं नाव घेत नाही, माझ्याच रक्तपेशी खाते. लाखांत एखाद्याला होतं म्हणे. थोडक्यात, ताकद जास्त झाली हा माझा आजार. तीस वर्षं कारखान्याचा बॉयलर सांभाळणाऱ्याला या बाई शिकवणार. ती ताकद दाबायच्या गोळ्या दिल्यात. दर सहा तासांनी ताप मोजून लिहायचा. शंभरावर गेला तर लगेच दाखल, नाहीतर जीवावर बेतेल म्हणतात. सोळाला दाखवायच्या तक्त्याची नक्कल सोबत आहे. बघ आणि काळजी सोड.

लोभ पूर्वीइतकाच ठेव, उपदेश निम्मा कर.
तुझा धाकटा

ता. १२ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, नाइलाजाने.

तक्ता पाहिला. अक्षर सुरेख. फक्त दहा तारखेला टाकलेल्या पत्रात तू पंधरा तारखेच्या रात्रीपर्यंतचा ताप लिहिला आहेस. पाळी सुरू होतानाच आठ तासांचे आकडे भरून डुलक्या काढायची तुम्हा बॉयलरवाल्यांची रीत मला ठाऊक आहे. पण स्वतःच्या अंगाशीही तीच लबाडी करशील एवढा बिनडोक वाटला नव्हतास. बाईंनी हा कागद खरा मानून तुला घरी धाडलं असतं, मग आम्ही काय तुझं अक्षर बघत रडायचं होतं?

तुझ्या बायकोला फोन केला. तिने मोजला, एकशे तीन. तिला म्हटलं, उचलून ने. हे पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर टाकते आहे.

लोभ आहे. तो वाढावा असं तू काही केलेलं नाहीस.
ताई

ता. १४ जून, दवाखाना

ती. ताईस,
सा. न.

बाईंनी माझा तक्ता आणि नर्सचा तक्ता शेजारी शेजारी ठेवले. पेशी निम्म्यावर आल्यात. आता शिरेतून कडक औषध चालू आहे. लागू पडतं की नाही ते तापावरूनच कळणार.

तुझं सगळं खरं, फक्त डुलक्यांचं नाही. आठ तारखेला मी मोजला होता. एकशे दोन निघाला. परत मोजायची हिंमतच झाली नाही. अठ्ठ्याण्णव लिहिलं की थोडा वेळ बरं वाटायचं, म्हणून पुढचेही लिहून टाकले.

माझ्या तक्त्यात आज दिवसभर अठ्ठ्याण्णव आहे. नर्सने सकाळी मोजला तो एकशे दोन. संध्याकाळचा किती निघेल, मला माहीत नाही.

लोभ नंतर बघू. आधी तू ये.
धाकटा