मागची

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय धाकटे,

आज दुकानाला सुट्टी होती. सकाळी कपडे धुऊन वाळत घातले. मागच्या खोलीतला पलंग भिंतीपासून ओढला आणि खालचं झाडून काढलं. आईचं शिवणयंत्र पुढच्या खोलीत आणलं. जड आहे, पण सरकवत सरकवत आलं. जेवले, जरा आडवी झाले, झोप काही लागली नाही. आता तुला लिहायला बसले आहे. हे फोनवर सांगता येण्यासारखं नाही. तू मध्येच बोलतेस आणि मग माझा मुद्दा राहून जातो.

मागच्या आठवड्यात तू दोन गोष्टी विचारल्यास. आईची खोली भाड्याने द्यायची का, आणि माझ्या डोक्यातलं आजीचं खूळ गेलं का. खोलीचं शेवटी लिहिते. खूळ गेलेलं नाही, उलट खरं निघालं.

आई जायच्या आदल्या दिवशी तू खाली औषधं आणायला गेली होतीस, तेव्हा तिने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "माझी आई कुणाची होती, तेवढं बघ गं. मला वाटतं ती अनाथाश्रमात वाढली. तिच्या बाजूचं एक माणूस मी कधी पाहिलं नाही." मी बघते म्हणाले. तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "आणि निघाली आश्रमातली, तर? कळून कुणाचं भलं होणार आहे? झाकली मूठ राहू दे." तुझं म्हणणं मला पटलं नाही, पण तेव्हा घरात माणसं होती, म्हणून मी गप्प बसले. मूठ झाकलेली असली तरी ती आईने माझ्या हातात दिली होती.

आजी गेली तेव्हा तू फार लहान होतीस, म्हणून तुला आठवत असेल नसेल. तिला कुणी माहेर विचारलं की ती म्हणायची, "मी मोठ्या घरची." बस, एवढंच. आजोबाही तेच सांगून विषय बदलायचे. आजोबांच्या बहिणीने हे वाक्य किती चघळलं असेल! आजीच्या हातून भांडं पडलं की, "मोठ्या घरची ना, तिथे नोकरचाकर उचलत असतील." नवीन कपडा घेतला नाही की, "मोठ्या घरच्यांना आमच्यातलं कुठे आवडणार!" आजी हसायची आणि भाजी चिरायची. कधीमधी सांगायची की त्या घराला दोन जिने होते, न्हाणीघरात नळांची रांग होती, अंगणात एकाच वेळी पन्नास झगे वाळायचे. ऐकणारे म्हणायचे, बाई थापा मारते. आता मला कळतं की तिने आयुष्यात एकही थाप मारली नाही.

आणि बटणं. तुझा बटणांवरचा राग मला माहीत आहे. शाळेत सगळ्या मुलींच्या झग्यांना पुढे बटणं, फक्त आपल्या दोघींना मागे. आई सगळ्या शाळेचे गणवेश शिवायची, त्यांना बरोबर पुढे लावायची आणि घरच्यांना मात्र पाठीवर. तू एकदा रडून गोंधळ घातला होतास, की मला एकटीला कपडे घालता येत नाहीत. आई म्हणाली होती, "येऊच नयेत. आजीने मला असंच शिकवलं." मग तुला उभं करून, "मान खाली, श्वास आत," आणि खालून वर बटणं. सगळं जग वरून खाली लावतं, आपल्याकडे खालून वर. शेवटचं लागलं की पाठीवर तळहाताची एक थाप. ती थाप मला दुकानात चष्म्याची भिंगं घासतानासुद्धा आठवते. माझ्या अंगावर अजून आईने शिवलेलेच ब्लाऊज असतात. आई गेल्यापासून मधलं एक बटण उघडंच राहतं. वरून हात पोचत नाही, खालूनही पोचत नाही. मी वरून शाल घेते.

आता खिडकीची गोष्ट. आजीच्या शेवटच्या दिवसांत मी बारा-तेरा वर्षांची होते, म्हणून मला सगळं लख्ख आठवतं. ती पुढच्या खोलीत झोपलेली असायची. ताप चढला की विचारायची, "मागची कुठाय? माझी मागची आली का?" आईला वाटलं, तिला वारा हवाय, मागची खिडकी उघडायला सांगतेय. ती खिडकी नेहमीप्रमाणे अडकलेली. शेजारच्या सुताराला बोलावलं, त्याने पटाशी घालून ती उघडली. आजी चिडली. "अगं, खिडकी काय करू? मागची, मागची!" मग आजोबा म्हणाले की मागची खोली म्हणत असेल, तिला तिकडे शांत वाटेल. सगळ्यांनी मिळून पलंग उचलून मागच्या खोलीत नेला. दारातून जाईना, पाय सोडवावे लागले. आजी आमच्याकडे बघत राहिली आणि मग तिने तो विषय सोडला. त्याच खोलीत ती गेली. पुढे ती खोली आईची झाली.

आता शोधाचं. माझ्याकडे कागद कसलाच नव्हता. एकच धागा होता. आई पाच-सहा वर्षांची असताना आजीने तिला गाडीत बसवून कुठेतरी लांब नेलं होतं. साबणाचा वास येणारी गल्ली, मोठं फाटक, फाटकाला कुलूप. आजी बराच वेळ गजांना धरून उभी राहिली, मग आईला घेऊन परतली आणि वाटेत म्हणाली, "घरी बोलायचं नाही हं." आईने हे मला दवाखान्यात सांगितलं. साबणाचे कारखाने काही गल्लोगल्ली नसतात. दुकानात म्हातारी गिऱ्हाइकं भरपूर येतात. चष्म्याचा नंबर बघता बघता मी प्रत्येकाला विचारायला लागले. एक निवृत्त टपालवाले म्हणाले, गाडीने दोन तासांवर एक गाव आहे, तिथे साबणाचा कारखाना होता आणि त्याला लागूनच मुलींचा आश्रम. कारखाना कधीच बंद पडला, पण गल्लीला अजून साबणगल्ली म्हणतात.

मागच्या रविवारी मी तिथे गेले. आश्रमाच्या इमारतीत आता कुठल्याशा विमा कंपनीचं कार्यालय आहे. आत जायला दोन जिने आहेत. ते बघितल्यावर मी पायरीवर जरा टेकलेच. पहारेकऱ्याने विचारलं, पैसे भरायला आलात का, आज बंद आहे. मी म्हटलं, इथे पूर्वी आश्रम होता, त्यातलं कुणी माहीत आहे का. तो हसला. म्हणाला, "एक आजी आहेत ना. कोपऱ्यावरच्या वृद्धाश्रमात राहतात. दर दोन-चार दिवसांनी फिरत येतात आणि मला सांगून जातात, मेल्या, तुझी खुर्ची आमच्या न्हाणीघरात आहे, पाय वर घे, भिजशील."

त्या आजी व्हरांड्यात मटार सोलत बसल्या होत्या. बारीक, काटकुळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. माझ्या पर्समध्ये छोटा पेचकस असतोच. मी आधी तो चष्मा मागून घेतला, स्क्रू बसवला आणि पुसून दिला. काहीतरी बोलायला सुरुवात हवी होती, आणि मला बोलण्यापेक्षा ते सोपं. चष्मा घालून त्यांनी मला नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "इतकी माया कशाला? काही विकायचंय का?" मी म्हटलं, माझी आजी बहुतेक इथल्या आश्रमात वाढली, आणि तिचं नाव सांगितलं. नावावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. नावाने तिथे कुणीच कुणाला हाक मारत नसे म्हणे. खूप उंच होती, डाव्या भुवईत खोक होती, असं सांगितल्यावर त्यांचे हात मटारात थांबले. "काडी," त्या म्हणाल्या. मग स्वतःकडे बोट दाखवून, "मी ढब्बू. आता ढब्बूपण गेलं, नाव तेवढं उरलं."

मला वाटलं, भुवईत खोक असलेल्या उंच बायका जगात काय कमी असतात? मी गोंधळून पाणी प्यायला उठले, भांड्याकडे वळले, आणि शाल खांद्यावरून घसरली. मागून आवाज आला, "उभी राहा. मान खाली, श्वास आत." त्यांनी वरची लावलेली बटणं सोडली आणि सगळी पुन्हा लावली, खालून वर, मधल्या बटणासकट. मग पाठीवर थाप. धाकटे, त्यानंतर मला दुसरा पुरावा नको होता आणि तुलाही लागू नये.

मग त्यांनी सांगितलं. तिथे सगळ्या झग्यांना बटणं मागे असायची. सकाळी मुली रांगेत उभ्या राहायच्या आणि प्रत्येकीने आपल्या पुढचीची बटणं लावायची. लहान मुलीचा हात वर पोचत नसे म्हणून खालून सुरुवात. थाप म्हणजे झालं, आता तू तुझ्या पुढचीला थाप दे. बहीण, मैत्रीण असले शब्द तिथे फारसे नव्हतेच. पुढची आणि मागची, एवढीच नाती. त्या म्हणाल्या, "काडी माझी पुढची. मी तिची मागची."

तू आता वाचताना थांबली असशील. मग मी त्यांना खिडकीची गोष्ट सांगितली, सुतार, पटाशी, पलंगाचे पाय, सगळी. त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. "म्हणजे तिने मला मागितलं आणि तुम्ही खिडकी उघडलीत!" पुन्हा हसल्या. नंतर चष्मा काढून पदराला पुसत राहिल्या. मी नुकताच पुसून दिला होता.

आजीचे आईवडील कोण, तेही मी विचारलं. आईला शब्द दिला होता. त्या म्हणाल्या, "ती तान्ही आली होती. कुठून, ते तिला ठाऊक नव्हतं, ठेवून घेणाऱ्या बाईंनाही नव्हतं. तिच्या मागे कुणी नव्हतं. म्हणजे मी होते." एवढंच आहे, धाकटे. याच्या पलीकडे आता कुणी सांगू शकणार नाही, आणि मला त्याची टोचणी नाही. आई कुणाची, तर आजीची. आजी कुणाची, ते मला साबणगल्लीत कळलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी फार वेळाने काढली. आजीचं लग्न ठरलं तेव्हा या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. जाताना आजी म्हणाली होती, "घर लागलं की तुला न्यायला येते." त्यानंतर या सकाळच्या रांगेत आपल्या पुढे एका माणसाची जागा मोकळी ठेवायच्या. बाई ओरडायच्या, पुढे सरक. या सरकायच्या नाहीत. "आली नाही ती," त्या म्हणाल्या, तक्रार म्हणून नाही, गाडी चुकली असं सांगावं तशा. तेव्हा मी त्यांना आईची आठवण सांगितली, कुलूप आणि गज धरून उभी राहिलेली आजी. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मुलगी किती मोठी होती, वास साबणाचाच होता ना. मग हिशोब लावून म्हणाल्या, "तोवर आम्हाला नदीपलीकडे हलवलं होतं. इथे कुलूपच होतं." आणि मटार पुन्हा हातात घेऊन, "आली होती म्हणजे."

आता खोलीचं. ढब्बूआजींनी नोकरीची सगळी वर्षं परिचारिकांच्या वसतिगृहात कपडे सांभाळण्यात काढली, राहणंही तिथेच. आश्रम, वसतिगृह, वृद्धाश्रम. मी काल पुन्हा गेले होते आणि त्यांना म्हटलं, आमच्याकडे या, तुमची खोली आहे. लगेच हो म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मी घरात कधी राहिलेच नाही गं. घरात कसं राहतात ते मला येत नाही." मी म्हटलं, आमच्याकडे सोपं आहे, बटणं मागे असतात. तेव्हा कुठे हसल्या. महिनाभर बघते म्हणाल्या, आवडलं नाही तर परत, आणि तिथल्या बाईंना आपली खाट महिनाभर राखून ठेवायला लावली आहे. त्या उद्या येणार आहेत. घर आपल्या दोघींचं आहे, म्हणून हे पत्र. मी विचारत नाही, कळवते आहे. भाड्याचं नुकसान माझ्या वाट्यातून धर. तुझं नाही असेल तर इथे येऊन त्यांच्यासमोर सांग, मात्र येताना पाठीवर बटणं असलेला ब्लाऊज घालून ये. खोली झाडली आहे, चादर घातली आहे. खिडकी तेवढी अजून अडकते. घरात साबणाची एक जुनी वडी आहे, साबणाने लाकूड सरकतं म्हणतात. पत्र बंद करते आणि चौकटीला ती घासून बघते.

तुझीच,
थोरली